पोर्ट्रेटची लेन्स घेण्याआधी खोली मोजा

मोबाइल हातभर अंतरावर धरून आजीचा फोटो काढा आणि तिला दाखवा. खान्देशातली आजी असेल तर पहिला प्रश्न बहुधा हाच येईल: "मन्हं नाक इतलं मोठं शे का रे भाऊ?" प्रश्न रास्त आहे. तिचं नाक तेवढं मोठं नाही आणि फोटोही खोटा नाही. कॅमेरा जिथे होता तिथून नाक तसंच दिसतं. पोर्ट्रेटसाठी ३५ मिमी घ्यावी की ५०, ८५ की १३५, या वादाचं मूळ आजीच्या या प्रश्नात आहे. म्हणून लेन्सच्या आधी नाकाचा हिशेब करू.

समोरून पाहिलं तर नाकाचा शेंडा कानापेक्षा साधारण १२ सेंटिमीटर पुढे असतो. कॅमेरा नाकापासून ५० सेंटिमीटरवर असेल तर कान ६२ सेंटिमीटरवर पडतो. जवळची वस्तू मोठी उमटते, त्यामुळे या फोटोत नाक कानाच्या मानाने जवळजवळ २४ टक्के मोठं येणार. तेच दीड मीटरवरून काढलं तर आकडे १५० आणि १६२ होतात आणि फरक ८ टक्क्यांवर येतो. तीन मीटरवरून तो फक्त ४ टक्के उरतो. त्याहून मागे गेलात तरी चेहऱ्याची ठेवण फारशी बदलत नाही.

या सगळ्या हिशेबात फोकल लेंथ, म्हणजे लेन्सवरचा तो ३५, ५०, ८५ मिमीचा आकडा, कुठेच आली नाही, याकडे लक्ष द्या. नाक, गाल, कपाळ, कान यांचं एकमेकांशी प्रमाण फक्त अंतर ठरवतं. पटत नसेल तर कॅमेऱ्यासोबत मिळालेली १८-५५ ची किट लेन्स लावा, घरच्या कुणाला तरी सहा फुटांवर बसवा आणि जागेवरून न हलता एक फोटो १८ ला, एक ५५ ला घ्या. मग १८ चा फोटो कापून ५५ इतकाच भाग ठेवा. बारकावे कमी दिसतील, दाणे दिसतील, पण चेहरा तोच असेल. "८५ने चेहरा सुंदर येतो" असं म्हणतात ते एवढ्याचसाठी खरं आहे, की ८५ लावली की फ्रेम जुळवायला तुम्हाला मागे सरकावंच लागतं.

चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस (१९१२–१९८९) यांची टेबलटॉप छायाचित्रं पाहिली की अंतराची ही ताकद दुसऱ्या बाजूने कळते. टेबलावर मांडलेल्या लहानसहान वस्तूंमधून त्यांनी अख्खी निसर्गदृश्यं उभी केली. ती खरी वाटतात, कारण कॅमेरा वस्तूचं माप सांगत नाही. कुठली वस्तू दुसरीच्या मानाने किती मोठी दिसते, एवढंच तो सांगतो. त्यांचं चाळीसगावचं घर आता कलादालन आहे. पोर्ट्रेट शिकणाऱ्याने एकदा तरी तिथे जाऊन यावं, असं मला मनापासून वाटतं.

मोबाइलचंही इथेच सांगून टाकतो. बहुतेक फोनचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याच्या) हिशेबाने २४ ते २६ मिमीच्या आसपासचा असतो. त्यात चेहरा फ्रेमभर आणायचा म्हणजे दीड फुटावर जावं लागतं आणि नाकाची तक्रार येते. फोनमध्ये २एक्स किंवा ३एक्स असेल तर तो निवडा आणि पाच फूट मागे उभे राहा. पोर्ट्रेट मोड मागची पार्श्वभूमी धूसर करतो. दीड फुटावरून फुगलेलं नाक तो बारीक करत नाही.

मग फोकल लेंथ करते काय? तुम्ही जिथे उभे आहात तिथून दृश्याचा किती भाग फ्रेममध्ये मावेल, हे ती ठरवते. कॅमेरा उभा धरून डोक्यापासून छातीपर्यंतचा फोटो काढायचा म्हणजे साधारण ६० सेंटिमीटर उंचीचा भाग हवा. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर त्यासाठी ३५ मिमीला जेमतेम दोन फुटांवर जावं लागतं, ५० मिमीला तीन फुटांच्या जरा आत, ८५ ला पाच फूट आणि १३५ ला आठ फूट. पायापर्यंतचा पूर्ण माणूस घ्यायचा, वर-खाली थोडी जागा सोडून, तर ३५ ला साडेसहा फूट, ५० ला नऊ-साडेनऊ, ८५ ला सोळा आणि १३५ ला पंचवीस फूट लागतात. आता नाकाचा हिशेब यावर ठेवून बघा. छातीपर्यंतच्या फोटोला ३५ वापरली तर चेहरा फुगतो, ५० वर जरासा जाणवतो, ८५ ला छान बसतो. पूर्ण माणसाला मात्र ३५ सुद्धा चालते, कारण तिथे तुम्ही आपोआप सहा फुटांवर असता. "३५ पोर्ट्रेटची लेन्स नाही" हे म्हणणं म्हणून मला पटत नाही. ती चेहऱ्याच्या जवळच्या फोटोची लेन्स नाही, इतकंच.

पाच ते आठ फूट हे अंतर आणखी एका कारणाने महत्त्वाचं आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. या अंतरावरून साध्या आवाजात बोलता येतं. तीन फुटांवर कॅमेरा घेऊन तुम्ही समोरच्याच्या अंगावर आलेले असता. स्वतःच्या मावशीला ते चालेल. धडगावच्या एखाद्या पाड्यावर पहिल्यांदाच भेटलेल्या पावरा बाईंना नाही चालणार, आणि तो अवघडलेपणा फोटोत खांद्यांवर दिसतो. उलट पंचवीस फुटांवरून "हनुवटी जरा खाली" हे ओरडून सांगावं लागतं, आणि ओरडून सांगितलं की चेहरा ताठ होतो. माणूस बोलता बोलता सैल होतो तो क्षण पकडायचा असेल तर बोलण्याच्या अंतरावर राहणं भागच आहे.

इथपर्यंतचे आकडे फुल फ्रेमचे, म्हणजे ३६ बाय २४ मिमीच्या सेन्सरचे होते. नव्याने सुरुवात करणाऱ्या बहुतेकांच्या हातात एपीएस-सी कॅमेरा असतो. त्याचा सेन्सर लहान, निकॉन, सोनी आणि फुजीचा साधारण २३.५ बाय १५.६ मिमी आणि कॅननचा त्याहूनही थोडा लहान. लेन्स तीच, तिने आत टाकलेलं चित्रही तेच. फक्त मोठ्या खिडकीच्या जागी छोटी खिडकी बसवली की बाहेरचं कमी दिसतं तसं फ्रेममध्ये कमी मावतं. म्हणून निकॉन, सोनी, फुजीवर फोकल लेंथला १.५ ने आणि कॅननवर १.६ ने गुणतात. ५० मिमी तिथे ७५ ते ८० सारखी वागते, ३५ ही ५२ ते ५६ सारखी आणि ८५ तर १२८ ते १३६ सारखी.

फुटांत सांगायचं तर अशा लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरवर छातीपर्यंतच्या फोटोला ५० मिमी साडेचार फूट मागते आणि पूर्ण माणसाला चौदा-पंधरा फूट. ३५ ला हेच आकडे तीन आणि दहा होतात. ८५ ला छातीपर्यंतसाठीच साडेसात फूट लागतात आणि पूर्ण उंचीसाठी चोवीस-पंचवीस. कुणीतरी यूट्यूबवर फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ८५ची स्तुती करतं, ते बघून क्रॉप बॉडीवाला तीच लेन्स मागवतो आणि मग घरात पाठ भिंतीला टेकते तरी चेहराच मावतो. लेन्स चांगलीच असते. ती दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी आणि दुसऱ्या जागेसाठी निवडलेली असते.

म्हणून माझा आग्रह आहे की आधी जागा मोजा. टेपही लागत नाही. घरात दोन फुटांची फरशी असेल तर फरश्या मोजल्या की झालं.

आपल्याकडच्या जागा एकेक करून बघू. दहा बाय बाराची खोली घ्या, एका बाजूला कॉट, दुसऱ्या बाजूला कपाट. माणसाला भिंतीला चिकटवायचं नाही, नाहीतर सावली मागे पडते आणि पार्श्वभूमी धूसर व्हायला वावच राहत नाही. तीन फूट तरी पुढे घ्यायचं. लांबीच्या दिशेने तुमच्याकडे उरले सात-आठ फूट, तेही तुमची पाठ भिंतीला लावून. फुल फ्रेमवर ८५ किंवा क्रॉपवर ५० इथे छातीपर्यंतच्या फोटोला आरामात बसते. पूर्ण साडी, काठ-पदरासकट घ्यायची तर ३५ लागणारच, आणि क्रॉपवर तीही कमी पडेल.

गावातलं धाब्याचं घर असेल तर गोष्ट वेगळी होते, कारण तिथे दार आहे. माणसाला उंबऱ्याच्या आत दोन-तीन फुटांवर, तोंड बाहेर करून बसवा आणि तुम्ही अंगणात उभे राहा. चेहऱ्यावर अंगणातला मऊ उजेड येतो, मागे खोलीचा काळोख आपोआप काळा पडदा धरतो, आणि मागे सरकायला अख्खं अंगण मोकळं असतं. या एका जागेसाठी मी कुणालाही ८५ घ्यायला सांगेन. वयस्कर माणसांच्या सुरकुत्या, डोळ्यांतली चमक, कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण इतकं सुरेख दुसऱ्या कुठल्या उजेडात येताना मी पाहिलेलं नाही.

हळदीचा मांडव अगदी उलटा. तुमच्यात आणि नवरीत चार फूट मोकळे सापडले तरी नशीब. ८५ लावून मागे गेलात की मधे कुणाचा तरी हात, ताट किंवा लहान मूल येणारच. तिथे ३५ आणि ५०.

केळीच्या बागेत फोटो काढण्याची हौस रावेर-यावल पट्ट्यात सगळ्यांनाच असते, प्री-वेडिंगवाल्यांना तर फारच. बागेत ओळींमधलं अंतर पाच-सहा फुटांचं. ओळीच्या दिशेने मागे जायला जागा असते, पण पानं मधे येतात. त्याहून मोठी अडचण उजेडाची आहे. पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो, तो चेहऱ्यावर पडतो आणि माणूस आजारी दिसतो. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंग आपोआप जुळवण्याची सोय, त्याला नेहमी पकडत नाही. माणसाला बागेच्या कडेला, बांधावर आणा, जिथे समोरून उघड्या आभाळाचा उजेड येतो, आणि बाग मागे राहू द्या. पांढरा रुमाल किंवा टोपी हातात धरायला सांगून एक फोटो आधी घ्या. त्यावरून नंतर रंग जुळवता येतात.

बाग मागे ठेवली की फोकल लेंथचा दुसरा परिणाम समोर येतो, आणि माझ्या मते निवडीचं खरं कारण इथे आहे. छातीपर्यंतचा तोच फोटो ५०, ८५ आणि १३५ अशा तिन्ही लेन्सनी काढा, प्रत्येक वेळी माणूस फ्रेममध्ये तेवढाच ठेवून. मागे २० मीटरवर केळीची रांग आहे असं धरू. फुल फ्रेमवर ५० मिमीमध्ये त्या रांगेचा साडेनऊ मीटर रुंदीचा भाग दिसेल, ८५ मध्ये पावणेसहा, १३५ मध्ये पावणेचार मीटर. म्हणजे ५० मध्ये बागेसोबत विजेचा खांब, ट्रॅक्टर आणि ठिबकच्या नळ्यांची गुंडाळी येणार. १३५ मध्ये नुसती पानं. सातपुड्याची रांग माणसामागे उंच आणि जवळ आलेली हवी असेल तर लांब लेन्स आणि लांबचं अंतर. माणूस त्याच्या शेतात उभा आहे, ते शेतही दिसायला हवं असेल तर ३५. होळीआधी सातपुड्यातल्या भोंगऱ्या बाजारात चांदीचे दागिने घालून आलेल्या मुलींचा फोटो काढायचा तर बाजार मागे दिसलाच पाहिजे, त्याशिवाय त्या नटण्याला अर्थ राहत नाही. तिथे ३५, सहा-सात फुटांवरून, आणि आधी विचारून.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत तापीकाठी भरणाऱ्या घोडेबाजारात मी नेमकं उलटं करेन. गर्दी, दोऱ्या, मंडप, गाड्या यातून एक व्यापारी आणि त्याच्या घोड्याचं तोंड वेगळं काढायचं तर ८५ किंवा १३५ हवी. घोड्याच्या मागच्या पायांपासून दूर राहायलाही ती बरी.

पार्श्वभूमी किती विरघळेल याचा एक साधा नियम आहे. फोकल लेंथला एफ आकड्याने (लेन्सवर एफ १.८, एफ २.८ असा लिहिलेला असतो) भागा. येणारा आकडा म्हणजे लेन्सच्या उघड्या तोंडाचा व्यास. ५० मिमी एफ १.८ ला तो २८ मिमी, ८५ एफ १.८ ला ४७ मिमी, १३५ एफ २ ला ६७. लग्नातल्या माळेचे दिवे खूप मागे असतील तर प्रत्येक दिव्याचा गोल, माणसाच्या मापाने, जवळजवळ तेवढ्याच व्यासाचा उमटतो. चेहऱ्याशेजारी २८ मिमीचे गोल म्हणजे दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा जरा मोठे. ४७ चे त्याच्या दीडपटीहून मोठे. ३५ मिमी एफ १.८ ला हे गोल १९ मिमीचे. ३५ वर बोके (मागचा मऊ धूसरपणा) मिळत नाही अशी तक्रार ज्यांची असते त्यांच्यासाठी हे उत्तर.

मोठं अ‍ॅपर्चर (म्हणजे लेन्सचं मोठं उघडं तोंड) पोर्ट्रेटला पहिल्यापासून हवं होतं, पण वेगळ्या कारणासाठी. १८४० मध्ये गणितज्ञ योझेफ पेट्झवाल यांनी गणित मांडून खास माणसांच्या फोटोंसाठी भिंग रचलं, साधारण एफ ३.६ चं. तोवरच्या भिंगांना उजेड इतका कमी मिळायचा की माणसाला बराच वेळ पुतळ्यासारखं बसावं लागे. आज आपण अ‍ॅपर्चर उघडतो ते पार्श्वभूमी धूसर करायला, आणि तिथेच फोटो बिघडतात. ८५ मिमी, एफ १.८, अंतर दीड मीटर: स्पष्ट दिसणारा पट्टा फक्त ३.३ सेंटिमीटरच्या आसपास. चेहरा जरा वळलेला असला की एक डोळा तीक्ष्ण आणि दुसरा मऊ. एफ २.८ ला तो पट्टा ५ सेंटिमीटर होतो, एफ ४ ला साडेसात. एका माणसाला एफ २.८ आणि नवरा-नवरीला एफ ४, अशी सवय लावून घ्या. फोकस नेहमी कॅमेऱ्याच्या जवळच्या डोळ्यावर.

आणि खान्देशचं ऊन. भर दुपारी आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) १०० ला एफ १६ वर साधारण १/१०० सेकंद लागतो, हा छायाचित्रकारांचा जुना आडाखा. त्याच उन्हात एफ १.८ उघडलं तर शटर १/८००० च्या घरात जायला हवं. नवशिक्यांसाठीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांचं शटर १/४००० लाच थांबतं, म्हणजे फोटो जळणार, पांढराफटक येणार. एफ २.८ ला १/३२०० पुरतो. खरं तर एप्रिल-मेच्या दुपारी उन्हात कुणाला उभंच करू नका. डोळे बारीक होतात, भुवयांखाली काळं पडतं. कडुनिंबाची सावली शोधा किंवा सहा वाजेपर्यंत थांबा.

आता खरेदी. क्रॉप सेन्सरवाल्याने पहिली प्राइम (झूम नसलेली लेन्स) ५० मिमी एफ १.८ घ्यावी. प्रत्येक कंपनीच्या यादीत ती सर्वांत स्वस्त लेन्सपैकी असते, वजनाला हलकी, आणि खोलीपासून अंगणापर्यंत चालते. फुल फ्रेमवाल्याने ८५ एफ १.८. लग्नं किंवा कामावरची माणसं हेच मुख्य काम असेल तर दोघांनीही ३५ आधी घ्यावी. १३५ मागाहून, मोकळ्या जागेत काम वाढलं तर. एफ १.४ च्या मागे पहिल्या लेन्सला लागू नका, १.८ पेक्षा दोन-तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) उजेड जास्त मिळतो आणि किंमत कितीतरी वर जाते. ८५ची एक मर्यादा लक्षात ठेवा: बहुतेक ८५ एफ १.८ लेन्स ८० सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाहीत, त्यामुळे नथ किंवा मेंदीचा हात फ्रेमभर येणार नाही. ५० साधारण ३५ ते ४५ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते.

ठरत नसेल तर किट लेन्स महिनाभर ३५ वर चिकटपट्टी लावून वापरा, पुढचा महिना ५० वर. कुठे कमी पडतं ते फोटोच सांगतात.

जुनी लेन्स घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च एका बाजूने लावून दुसरीकडून बघा. बुरशी कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते आणि तसली लेन्स स्वस्तातही नको. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यावर जुन्या एएफ-डी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही; मोटर लेन्समध्येच असलेली एएफ-एस मागा. कॅननच्या ईएफ लेन्स नव्या आर मालिकेवर अ‍ॅडॅप्टर लावून चालतात. दुकानात जाताना स्वतःची बॉडी सोबत न्या, बाहेरच्या सावलीत सोबतच्या माणसाला पाच फुटांवर उभं करून एफ १.८ ला चार-पाच फोटो घ्या, आणि स्क्रीनवर मोठं करून पापण्यांचे केस सुटे दिसतात का ते बघितल्यावरच पैसे द्या.